उलटं चालणं

अंबाडी दसऱ्याच्या आगेमागे कापायची.
पेंढ्या उभ्या ठेवून पाला झडला
की ओढ्याच्या डोहात आडव्या,
वर दगड, त्यावर आणखी दगड,
आणि मग वास.

वासाचं मी सांगणार नाही.
शाळेतल्या बाकावर मी एकटीच ऐसपैस बसायचे, एवढं पुरे.

किती दिवस भिजवायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
ऊन असलं तर बारा, पाणी गारठलं तर वीस,
नाहीतर आईचा अंगठा सांगेल तेव्हा.
ती कंदील घेऊन जायची, गुडघाभर पाण्यात उभी राहून
एक काडी उपसायची, बुडख्याशी नख लावायची.
साल काडीला धरून असली तर म्हणायची,
"अजून भांडत्यात."
उकडलेल्या शेंगेतून दाणा निसटावा तशी निसटली
तर येऊन सगळं घर उठवायची.
एक दिवस आधी, तर धागा सुटत नाही.
एक दिवस उशीर, तर धागा धागा राहत नाही.

तो एक दिवस मी खाल्ला.
ज्या पहाटे अंबाडी काढायची, त्याच पहाटे मी जन्मले.
त्या साली बेंदराला विकलेले कासरे
आषाढ सरायच्या आत तुटले.
वाळव्याच्या एका चौगुल्यांची म्हैस दावं तोडून
दूध सोसायटीच्या सभेत शिरली, अध्यक्षांच्या भाषणात.
त्या गावात मला अजून एक नाव आहे,
ते इथं लिहीत नाही.

सोलायचं, दगडावर आपटायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं,
कुंपणावर टांगायचं. लांबून वाटायचं
कुणीतरी पांढऱ्या घोड्यांच्या शेपट्या वाळत घातल्यात.
मग फळीवर खिळे ठोकलेल्या फणीतून विंचरायचं.
गळेल ते उशीत,
उरेल ते दोरात,
काड्या चुलीला.
आणि बाभळीचा एक ठोकळा, तीन खाचांचा,
वळताना तीन पदर एकमेकांत घुसू नयेत म्हणून.
त्याला नाव नव्हतं.
आबा हात पुढं करून "ते" म्हणायचे
आणि आम्ही बरोबर तेच द्यायचो.

भिंगरी माझ्याकडं, सातवीपर्यंत.
आबा पोटाशी अंबाडी गुंडाळायचे,
टोक आकड्यात अडकवायचे
आणि मी दांडा फिरवला की उलटे चालू लागायचे,
चिमटीतून थोडं थोडं सोडत,
एकेक पाऊल माझ्यापासून लांब.
मागं बघायचं नाही, बघितलं की पीळ सैल पडतो.
म्हणून मी बघायचे.
"आबा, दगड."
"आबा, कोंबडी."
"आबा, गंगव्वा आत्तीचं वाळवण!"
ते न वळता, अंग चोरून, वाट बदलायचे.
चिमटी तशीच.

आता मी इचलकरंजीत, सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत.
मशीन सूत ताणतं, तोडतं, आकडा छापतं.
मी आकडा वहीत उतरवते, खाली सही करते,
आणि साहेब जेवायला गेले
की तुटलेलं टोक अंगठ्यावर घेऊन बघते.
आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो.

गेल्या पौषात आबांचा खुबा मोडला.
सीपीआरच्या लांबलचक व्हरांड्यात
व्यायाम शिकवणारी पोर म्हणाली,
"आजोबा, आता चार पावलं मागं. भिंत धरा हं,
सगळेच घाबरतात."
आबांनी भिंत धरली नाही.
दोन्ही हात पोटाशी नेले,
चिमट्या जुळल्या,
आणि निघाले.
चार झाली. सात झाली.
ती "बास, बास" म्हणत त्यांच्या बाजूनं पळतेय,
मी या टोकाला, हातात औषधांची पिशवी,
का कोण जाणे, पिशवी गोल फिरवत.

"आबा, मागं बाकडं हाय."

ते न वळता डावीकडं सरकले.